अल-किंदी : अक्षरे मोजून गुप्त चिठ्ठी उघडणारे बगदादचे विद्वान

मुस्लिम शास्त्रज्ञांची नावे घ्यायची म्हटली की आपल्याकडे तीन-चार नावे लगेच तोंडावर येतात. बीजगणितासाठी अल-ख्वारिज्मी, वैद्यकासाठी इब्न सीना, प्रकाशशास्त्रासाठी इब्न अल-हैसम. शाळेच्या स्नेहसंमेलनात, ईद मिलनच्या भाषणात, व्हॉट्सअ‍ॅपच्या फॉरवर्डमध्ये हीच नावे फिरत असतात. या सगळ्यांच्या आधीच्या पिढीतले, किंवा ख्वारिज्मींच्या बरोबरीचे, एक नाव मात्र मागे राहून जाते : अबू युसूफ याकूब इब्न इसहाक अल-किंदी.

आज आम्ही त्यांच्याविषयी लिहितोय त्याला कारण आहे. आपल्या प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. त्यातला निरोप, बँकेचा व्यवहार, फोटो हे सगळे कुलूपबंद होऊन हवेतून जाते आणि पलीकडे किल्लीने उघडते. ही कुलपे कशी बनवावीत याचा विचार माणूस हजारो वर्षे करत आला. पण असे कुलूप किल्लीशिवाय कसे उघडते, हे शास्त्र म्हणून लिहून ठेवणारा, आज हाती असलेल्या पुराव्यानुसार, पहिला माणूस म्हणजे अल-किंदी. सुमारे साडेअकराशे वर्षांपूर्वी त्यांनी हे लिहिले. आणि ज्या माणसाने दुसऱ्यांची कुलपे उघडायला शिकवले, त्याच्याच किताबांवर एक दिवस कुलूप लागले, हीदेखील त्यांच्या आयुष्यातली गोष्ट आहे.

कूफ्याचे घराणे

अल-किंदींचा जन्म इ.स. ८०१ च्या सुमारास झाला, असे मानले जाते. जन्मगाव कूफा, आजच्या इराकमधले. घराणे मोठे. अरबस्तानातल्या किंदा नावाच्या जुन्या कबिल्याचे हे लोक, म्हणून नावाच्या शेवटी अल-किंदी. त्यांच्या पूर्वजांपैकी अल-अशअस इब्न कैस हे पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या काळातले किंदा कबिल्याचे सरदार होते आणि त्यांनी इस्लाम स्वीकारला होता. वडील इसहाक हे अब्बासी खलिफांच्या वतीने कूफ्याचे राज्यपाल होते. त्या काळात ज्ञानविज्ञानात नाव काढणारे पुष्कळजण इराणी, सीरियाई, ख्रिस्ती, साबी घराण्यांतले होते. अल-किंदी अस्सल अरब घराण्यातले. म्हणूनच पुढे त्यांना अरबांचा तत्त्वज्ञ अशी पदवी मिळाली.

असल्या घरातल्या मुलाने दरबारात मोठा हुद्दा मिळवला असता तर कुणाला नवल वाटले नसते. पण यांना ओढ लागली ती इल्मची. ते बगदादला आले आणि तिथेच घडले.

बगदाद आणि तर्जुम्याचा काळ

त्या वेळचे बगदाद म्हणजे जगातल्या मोठ्या शहरांपैकी एक. खलिफा अल-मामून (कारकीर्द इ.स. ८१३ ते ८३३) यांना ग्रीक, फारसी, सुरयानी, हिंदी अशा सगळ्या भाषांतले ज्ञान अरबीत हवे होते. बैतुल हिकमाचे नाव आपण ऐकलेले असते, ते याच काळातले. कागद बनवायची कला मुसलमानांच्या हाती येऊन काही दशके झाली होती. किताबा लिहिणारे, नकला करणारे, विकणारे यांचा मोठा धंदा शहरात उभा राहिला होता.

अल-किंदींच्या भोवती तर्जुमाकारांचा एक गट जमला. त्यांत ख्रिस्तीही होते. उस्तास नावाच्या तर्जुमाकाराने त्यांच्यासाठी अ‍ॅरिस्टॉटलचा एक महत्त्वाचा ग्रंथ अरबीत आणला. इब्न नाइमा अल-हिम्सी यांनी केलेला आणखी एक तर्जुमा अल-किंदींनी स्वतः सुधारून घेतला. ते स्वतः ग्रीक जाणत नसावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांचे काम होते समजून घेणे, तपासणे, अरबीत नवे शब्द घडवणे आणि त्यावर पुढचा विचार करणे.

अल-मामून यांच्यानंतर आलेले खलिफा अल-मोतसिम (इ.स. ८३३ ते ८४२) यांचा त्यांच्यावर मोठा विश्वास. आपला मुलगा अहमद याची तालीम त्यांनी अल-किंदींवर सोपवली. अल-किंदींनी आपला तत्त्वज्ञानाचा सर्वांत नावाजलेला ग्रंथ याच खलिफांना अर्पण केला. त्यात त्यांची एक भूमिका स्पष्ट दिसते. सत्य कुठूनही आले, दूरच्या लोकांकडून आले, आपल्याहून वेगळ्या कौमेकडून आले, तरी ते घ्यायला लाजायचे नाही. सत्य घेतल्याने माणूस लहान होत नाही, उलट त्याची किंमत वाढते. त्यांचे सगळे आयुष्य या एका विचारावर उभे होते.

गुप्त लिपी म्हणजे काय, किल्ली म्हणजे काय?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. अल-किंदींनी काय केले हे कळण्यासाठी आधी अक्षरबदलाची गुप्त लिपी समजून घ्यावी लागेल. घाबरू नका, घरातल्या पाचवी-सहावीच्या मुलालाही जमेल इतके हे सोपे आहे.

समजा आपल्याला 'किताब' हा शब्द लपवून लिहायचा आहे. सोपी युक्ती अशी : प्रत्येक व्यंजनाच्या जागी वर्णमालेत त्याच्यापुढे तिसरे येणारे व्यंजन लिहायचे. काना, मात्रा, वेलांटी तशीच ठेवायची. क च्या पुढे ख, ग, घ, म्हणून क चा झाला घ. त च्या पुढे थ, द, ध, म्हणून त चा झाला ध. ब च्या पुढे भ, म, य, म्हणून ब चा झाला य. 'किताब'चे झाले 'घिधाय'. रस्त्यात कुणी चिठ्ठी वाचली तर त्याला काही उमगणार नाही. ज्याला पाठवली त्याला मात्र माहीत आहे की तीन घरे मागे जायचे. तो मजेत वाचेल.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहा. अक्षरे पुढे सरकवायची, ही झाली पद्धत. किती घरे सरकवायची, तो तीन हा आकडा, ही झाली किल्ली. पद्धत शंभर जणांना माहीत असली तरी चालते, किल्ली दोघांनाच माहीत हवी. रोमचा सेनापती ज्युलियस सीझर आपल्या पत्रांत नेमकी हीच तीन घरांची युक्ती वापरत असे, अशी नोंद रोमन चरित्रकाराने केलेली आहे.

पण या युक्तीत एक मोठी खोट आहे. आपल्या वर्णमालेत क पासून ळ पर्यंत व्यंजने धरली तर ३४ होतात. म्हणजे किल्ल्या किती? फक्त ३३. शत्रूने एक घर मागे, दोन घरे मागे, तीन घरे मागे असे करत बसायचे ठरवले तर एका दुपारीत काम फत्ते.

म्हणून लोकांनी दुसरी वाट काढली. अक्षरे ओळीने सरकवायचीच नाहीत. कोणत्याही अक्षराच्या जागी कोणतेही अक्षर, नुसती सरमिसळ. क च्या जागी ढ, ख च्या जागी म, ग च्या जागी प, असा सगळा तक्ता बनवायचा. आता तो पूर्ण तक्ता हीच किल्ली. अरबीत २८ अक्षरे आहेत. त्यांचे असे किती वेगवेगळे तक्ते होतील? तो आकडा ३० अंकी आहे. एकेक तक्ता लावून बघायचे म्हटले तर माणसाचे आयुष्य सोडा, या विश्वाचे वयही पुरणार नाही.

एवढा तक्ता पाठ कसा ठेवायचा? त्यालाही सोपी युक्ती आहे. एखादा शब्द किल्ली म्हणून धरायचा. उदाहरणार्थ 'बगदाद'. त्यातली व्यंजने ब, ग, द. दुसऱ्यांदा आलेला द सोडून द्यायचा. खालच्या ओळीत आधी ब, ग, द लिहायची आणि मग उरलेली व्यंजने क, ख, घ, ङ, च अशी क्रमाने. वर नेहमीची वर्णमाला. आता क च्या खाली ब आला, ख च्या खाली ग, ग च्या खाली द, घ च्या खाली क. या किल्लीने 'किताब' लिहिले तर होते 'बिढाफ'. कागदावर काही ठेवायची गरज नाही, 'बगदाद' हा एक शब्द दोघांच्या डोक्यात असला म्हणजे झाले. मुलांना घेऊन एकदा करून बघा. याच किल्लीने 'पाणी' लिहाल तर 'नाडी' होईल, आणि वाचणारा भलताच फसेल.

तर अशी ही लिपी. किल्ल्या मोजायला गेले तर कुलूप अभेद्य वाटते. शतकानुशतके लोकांना तसेच वाटत होते.

अल-किंदींची युक्ती

अल-किंदींनी या विषयावर एक छोटी रिसाला लिहिली. तिचे अरबी नाव 'रिसाला फी इस्तिख्राज अल-मुअम्मा', म्हणजे लपवलेले लिखाण उलगडून काढण्याविषयीची पुस्तिका. तिच्यात सांगितलेली मुख्य गोष्ट ऐकायला साधी आहे : किल्ली शोधायला जाऊच नका, अक्षरे मोजा.

कसे ते पाहू. प्रत्येक भाषेत काही अक्षरे सारखी सारखी येतात आणि काही क्वचित. मराठी वर्तमानपत्राचा कुठलाही परिच्छेद घेऊन मोजा. र, त, न, क, ल अशी अक्षरे पावलोपावली भेटतील. झ, ढ, ठ ही शोधावी लागतील. अरबीत हेच. अल-किंदींनी साडेतीन हजारांहून जास्त अक्षरांचा मजकूर घेतला आणि एकेक अक्षर मोजले. अलिफ ६०० वेळा आला, लाम ४३७ वेळा, मीम ३२० वेळा. तळाला काही अक्षरे तर वीस वेळाही नाहीत.

आता गुप्त चिठ्ठी हातात घ्या. त्यात कोणती खूण सर्वांत जास्त वेळा आली ते मोजा. ती बहुधा अलिफची जागा घेऊन बसलेली आहे. दुसऱ्या नंबरची बहुधा लाम. अशी एकेक खूण उतरत्या क्रमाने लावत जायचे. अक्षराने वेश बदलला, पण सवय बदलली नाही. अक्षराच्या जागी फूल काढा, तारा काढा, मासा काढा, ते जितक्या वेळा यायचे तितक्याच वेळा येणार. ३० अंकी किल्ल्यांच्या त्या डोंगराला हात न लावता अल-किंदी बाजूच्या वाटेने पलीकडे गेले.

नुसत्या मोजणीवर ते थांबले नाहीत. त्यांनी आणखी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे अक्षरांचे शेजार. कोणती अक्षरे एकमेकांशेजारी येतात आणि कोणती कधीच येत नाहीत, हे प्रत्येक भाषेत ठरलेले असते. अरबीच्या मूळ शब्दांत सीन आणि साद एकत्र नांदत नाहीत. मराठीत शब्दाची सुरुवात ळ ने होत नाही. अंदाज चुकत असेल तर असल्या नियमांनी तो लगेच पकडता येतो. दुसरी वाट म्हणजे ठरलेले शब्द. पत्राची सुरुवात लोक बहुतेक वेळा एकाच पद्धतीने करतात. मुसलमानाचे पत्र बिस्मिल्लाहने सुरू होणार, हा अंदाज बांधला की पहिल्याच ओळीत कितीतरी अक्षरे हाती लागतात. मजकूर कवितेत असेल तर वृत्ताचा उपयोग करायचा, हेही त्यांनी सांगितले.

आणि मर्यादाही सांगितली. मजकूर पुरेसा लांब हवा. चार शब्दांच्या चिठ्ठीत मोजणीचा नियम लागू पडेलच असे नाही. आपल्या 'बिढाफ'वर ही युक्ती चालणार नाही, त्यात मोजायला व्यंजने तीनच आहेत. पुढे १३ व्या शतकात इब्न अदलान यांनी याचा हिशोब घातला की साधारण ९० अक्षरे तरी हवीत.

हे तिथेच का सुचले?

प्रश्न पडतो की ग्रीकांना, रोमनांना हे का सुचले नाही, आणि बगदादमध्येच का सुचले? कारण ही युक्ती एकट्या गणितातून येत नाही. तिला तीन गोष्टी लागतात : भाषेचा बारीक अभ्यास, मोजणीची सवय आणि गुप्त लिखाणाची गरज. तिन्ही गोष्टी त्या काळच्या मुस्लिम समाजात एकत्र आल्या होत्या.

कुरआनच्या अभ्यासासाठी अरबी व्याकरण, उच्चार, शब्दकोश यांवर पिढ्यान्‌पिढ्या काम चालले होते. अल-किंदींच्या आधी बसऱ्यात अल-खलील इब्न अहमद होऊन गेले. त्यांनी अरबीचा पहिला मोठा शब्दकोश रचताना कोणती अक्षरे एकत्र येऊन शब्द होऊ शकतात याचा पद्धतशीर हिशोब मांडला होता. गुप्त लिपीवरही त्यांनी एक किताब लिहिली होती असे सांगतात, पण ती आज मिळत नाही. दुसरीकडे एवढे मोठे साम्राज्य चालवायचे तर वसुली, फौज, हेरगिरी यांची पत्रे झाकून पाठवावी लागत. आणि तर्जुम्यासाठी आलेल्या काही जुन्या किताबांतही, विशेषतः किमयेच्या, मजकूर खुणांमध्ये दडवलेला असे.

म्हणजे अल-किंदी आकाशातून पडले नाहीत. त्यांच्यामागे मशिदीत, मदरशात, दफ्तरखान्यात बसून अक्षरांवर डोळे झिजवणारी कितीतरी माणसे होती. त्या सगळ्या मेहनतीला एका शास्त्राचे रूप त्यांनी दिले.

अडीचशे किताबांचा माणूस

गुप्त लिपी हा त्यांच्या कामाचा एक छोटा कोपरा होता. १० व्या शतकातले बगदादचे किताबविक्रेते इब्न अल-नदीम यांनी त्यांच्या लिखाणाची यादी दिली आहे. ती अडीचशेच्या आसपास जाते. तत्त्वज्ञान, गणित, खगोल, वैद्यक, संगीत, प्रकाश, भरती-ओहोटी, तलवारी, इत्र, असा एकही विषय सुटलेला नाही. इत्रावरच्या किताबेत शंभराहून जास्त कृती आहेत. औषधांची ताकद गणिताने कशी मोजावी यावरचा त्यांचा ग्रंथ पुढे लॅटिनमध्ये गेला आणि युरोपच्या वैद्यांनी शतके वापरला. संगीतात ऊद या वाद्याच्या तारांचा त्यांनी हिशोब मांडला. लोखंडाचे सोने करून देतो म्हणणाऱ्या किमयागारांची लबाडी उघड करणारी रिसालाही त्यांनी लिहिली. सगळेच बरोबर होते असे नाही. ग्रहताऱ्यांवरून भविष्य सांगण्यावर त्यांचा विश्वास होता आणि त्यावरही त्यांनी लिहून ठेवले आहे. आपल्या काळाची मर्यादा त्यांनाही होती.

आपल्या मुल्काशीही त्यांचे नाते आहे. हिंदी अंकांनी हिशोब कसा करावा यावर त्यांनी चार भागांचा ग्रंथ लिहिला. अल-ख्वारिज्मींबरोबर अल-किंदींच्या या कामामुळे हे अंक अरब जगात रुळले आणि तिथून पुढे युरोपात गेले. दुसरी गोष्ट त्याहून कमी लोकांना ठाऊक आहे. बगदादचे बरमकी वजीर याह्या इब्न खालिद यांनी हिंदुस्तानात एक माणूस पाठवला होता. इथल्या औषधी वनस्पती आणायच्या आणि इथल्या लोकांचे धर्म काय आहेत ते लिहून आणायचे, हे त्याचे काम. त्या अहवालाची एक नक्कल अल-किंदींनी स्वतःच्या हाताने करून ठेवली होती. इब्न अल-नदीम यांनी ती पाहिली आणि तिच्यातला मजकूर आपल्या ग्रंथात घेतला. त्यात मानकीर नावाच्या राजधानीचे आणि तिथल्या मोठ्या मंदिराचे वर्णन येते. हे मानकीर म्हणजे राष्ट्रकूटांचे मान्यखेट, गुलबर्ग्याजवळचे आजचे मळखेड. त्या राष्ट्रकूटांच्या राज्यात आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग होता. बगदादमधला एक मुस्लिम विद्वान दख्खनच्या माणसांचा धर्म कुतूहलाने, हाताने लिहून ठेवतो, ही आपण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

किताबांवर कुलूप

दिवस पालटले. इ.स. ८४७ मध्ये अल-मुतवक्किल खलिफा झाले. दरबाराची हवा बदलली. त्याच दरबारात बनू मूसा हे भाऊ होते : मुहम्मद, अहमद आणि हसन. हे काही अडाणी लोक नव्हते. गणित आणि यंत्रविद्येत त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. त्यांनी लिहिलेली नवलाईच्या यंत्रांची किताब प्रसिद्ध आहे. पण दुसऱ्याची वाहवा त्यांना सहन होत नसे.

१३ व्या शतकातले चरित्रकार इब्न अबी उसैबिया यांनी नोंदवलेली हकीकत अशी. मुहम्मद आणि अहमद या दोघा भावांनी खलिफांचे कान भरले. अल-किंदींना मारहाण झाली. साठीच्या घरातल्या माणसाला. त्यानंतर भावांनी त्यांच्या घरी माणसे पाठवली आणि सगळ्या किताबा उचलून नेल्या. त्या एका वेगळ्या खोलीत बंद केल्या. त्या खोलीला लोक 'किंदिया' म्हणू लागले. ज्याच्याकडे छापखाना नाही, नक्कल नाही, ज्याचे आयुष्यभराचे काम हाताने लिहिलेल्या कागदांत आहे, त्या माणसाचे यापेक्षा मोठे नुकसान कोणते?

मग एका कालव्याने चमत्कार केला. अल-मुतवक्किल समर्र्याजवळ अल-जाफरिया नावाचे नवे शहर वसवत होते. दजला नदीतून तिथे पाणी आणायला कालवा खणायचे काम बनू मूसांकडे होते. त्यांनी ते अल-फरगानी या खगोलशास्त्रज्ञाकडे दिले. हिशोबात गफलत झाली. कालव्याचे तोंड पुढच्या भागापेक्षा खोल खणले गेले. म्हणजे नदी भरलेली असेल तोवर पाणी जाणार, उतरली की पुढचा कालवा कोरडा. खलिफांच्या कानावर गेले. चौकशीला त्यांनी सनद इब्न अली या अभियंत्याला बोलावले आणि दोष निघाला तर भावांना त्याच कालव्याच्या काठावर सुळी देण्याचे ठरवले.

या सनदचेही बनू मूसांनी पूर्वी वाईट केले होते. आता तेच भाऊ त्याच्यापुढे गयावया करू लागले. सनदने स्वतःसाठी काही मागितले नाही. अल-किंदींशी आपले जमत नाही हे त्याने लपवले नाही, पण जे झाले ते हक्काचे नव्हते. अट एकच घातली : अल-किंदींच्या सगळ्या किताबा परत करा आणि मिळाल्याची त्यांच्या हातची पावती आणा. पावती आली तेव्हाच सनदने तोंड उघडले. नदीला पूर आहे, चार महिने दोष दिसणार नाही, हे त्याला माहीत होते. तेवढी मुदत त्याने भावांना मिळवून दिली. ती संपायच्या आत, इ.स. ८६१ च्या डिसेंबरमध्ये, खुद्द खलिफांचाच खून झाला. भाऊ वाचले.

अल-किंदींना किताबा मिळाल्या. आणि त्यांनी काय केले? परत कामाला लागले. हिंदुस्तानच्या धर्मांविषयीच्या त्या नकलेवर हिजरी २४९ सालची तारीख होती, म्हणजे इ.स. ८६३. मार खाल्लेला, सत्तेपासून दूर गेलेला हा म्हातारा माणूस किताब परत मिळाल्यावर पुन्हा लेखणी घेऊन बसला होता. इ.स. ८७० च्या सुमारास बगदादमध्ये त्यांचा इंतकाल झाला.

हजार वर्षांनी सापडलेली रिसाला

त्यांच्या शेकडो लिखाणांपैकी फारच थोडे आज शिल्लक आहे. काही अरबीत टिकले, काही फक्त लॅटिन तर्जुम्यात. युरोपात त्यांना अल्किंडस म्हणत. १६ व्या शतकात इटलीचे गणितज्ञ कार्दानो यांनी जगातल्या सर्वांत मोठ्या बुद्धिमंतांत त्यांचे नाव घेतले होते.

गुप्त लिपीवरची रिसाला मात्र गायबच होती. तिचे शास्त्र अरब जगात चालू राहिले. इब्न अदलान, इब्न अल-दुरैहिम यांनी ते पुढे नेले. कैरोचे अल-कलकशंदी यांनी इ.स. १४१२ मध्ये पुऱ्या केलेल्या आपल्या चौदा खंडी ग्रंथात त्यावर प्रकरण घातले. युरोपात इटलीच्या अल्बेर्ती यांनी १४६६ च्या सुमारास अक्षरमोजणीवर लिहिले. त्यामुळे बराच काळ हे शास्त्र युरोपात जन्मले असेच जग समजत होते. अल-किंदींची हस्तलिखित रिसाला इस्तंबूलच्या सुलेमानिया ग्रंथालयात पडून होती. सीरियाच्या अभ्यासकांनी ती वाचली, संपादित केली आणि १९८७ मध्ये दमास्कसहून छापून आणली. तेव्हा इतिहासाचे पान बदलले.

या मोजणीच्या शास्त्राने जगात काय केले याचे एकच उदाहरण पुरे. स्कॉटलंडची राणी मेरी इंग्लंडमध्ये कैदेत होती. तिने आपल्या साथीदारांना गुप्त खुणांमध्ये पत्रे लिहिली. आपले लिखाण कुणाला उलगडणार नाही अशा भरवशावर तिने १५८६ मध्ये राणी एलिझाबेथविरुद्धच्या कटाबाबत मोकळेपणाने लिहिले. इंग्लंडच्या हेरखात्यातल्या थॉमस फेलिप्सने खुणा मोजून ते पत्र उलगडले. फेब्रुवारी १५८७ मध्ये मेरीचे शिर उडवले गेले. कच्च्या कुलपावर ठेवलेला विश्वास कुलूप नसण्यापेक्षा घातक ठरतो.

आपण काय घ्यायचे?

आज मोबाईलमध्ये जी कुलपे आहेत ती साध्या अक्षरबदलाची नाहीत. त्यांत अक्षरांची सवयच पुसली जाते, त्यामुळे नुसत्या मोजणीने ती उघडत नाहीत. ती तशी बनवावी लागली त्यामागे अल-किंदींनी दाखवलेली कमजोरी आहे. एक गोष्ट मात्र तीच राहिली : पद्धत जगाला माहीत, गुपित फक्त किल्ली. म्हणून फोनवर कुणी बँकेचा साहेब बनून ओटीपी मागितला, तर समजा की त्याला कुलूप फोडता येत नाही, म्हणून तो किल्ली मागतोय. घरातल्या अम्मी-अब्बांना, दादी-नानींना हे एवढे समजावून सांगितले तरी अल-किंदी वाचल्याचे चीज झाले.

दुसरी गोष्ट आमच्या मते जास्त महत्त्वाची. मुस्लिम शास्त्रज्ञांच्या नावाने फुशारकी मारणारे मेसेज रोज फिरतात. जगातले सगळे शोध आमच्याच लोकांनी लावले, असा त्यांचा सूर असतो. अल-किंदींना हे आवडले नसते. ग्रीकांकडून घेतले ते त्यांनी ग्रीकांचे म्हणून सांगितले, हिंदुस्तानातून घेतले ते हिंदुस्तानचे म्हणून. आणि त्यांच्या किताबा बळकावणारे कुणी परके नव्हते, आपल्याच शहरातले, आपल्याच दरबारातले विद्वान होते. त्या परत मिळवून दिल्या त्या माणसाचेही त्यांच्याशी पटत नव्हते. मतभेद असावेत, वाद व्हावेत, पण वाद घालताना समोरच्याच्या किताबेला हात लावायचा नाही, हे सनद इब्न अलीकडून शिकावे.

आपल्या कितीतरी जुन्या घरांत, दर्ग्यांत, मशिदींच्या कपाटांत उर्दू, फारसी, दख्खनीतली हस्तलिखिते वाळवीच्या तोंडी पडलेली आहेत. वाचता येत नाही म्हणून ती रद्दीत जातात. अल-किंदींची रिसाला हजार वर्षे वाचली ती कुणीतरी ती न वाचताही जपून ठेवली म्हणून. घरात असा एखादा कागद असेल तर तो फेकू नका. आधी जाणकाराला दाखवा, फोटो काढून ठेवा, कोरड्या जागी ठेवा. आज आपल्याला ती लिपी उलगडत नसेल, उद्या घरातलीच एखादी मुलगी ती शिकेल आणि वाचेल.